हं म्हणणारं कुणीतरी

१

“तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून हो?”

पुस्तक आल्यापासून जो भेटेल तो हेच विचारतो. मी पण ठेवणीतलं उत्तर देतो. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी, खिडकीतून दिसणारं आभाळ, वगैरे. सगळ्या थापा. आमच्या खिडकीतून शेजारच्यांचे वाळत घातलेले पायजमे दिसतात.

मी मूळचा लेखक नाहीच. मी लोकांचे कान तपासतो. दवाखाना डॉक्टरबाईंचा, यंत्र माझ्या ताब्यात. मागच्या बाजूला आमची तपासणीची जागा आहे, म्हणजे खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली. तिच्या भिंतींना आतून जाड गादीसारखं अस्तर, दार फ्रिजच्या दारापेक्षा जाड, आणि मधे एक काच. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि लांब वायरच्या टोकाला एक बटण. पेशंट आत बसतो, मी काचेबाहेर यंत्रापुढे. मी बारीक आवाज सोडतो, तो ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. दाबलं की माझ्या यंत्रावर छोटा हिरवा दिवा लागतो. एवढंच.

“आवाज आला तरच दाबा. अंदाजपंचे दाबू नका,” हे वाक्य मी दिवसभर घोकत असतो. तरी लोक दाबतातच! मी काहीही सोडलेलं नसताना दिवा लागतो. माणसाला ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून न आलेला आवाजही तो आला म्हणून सांगतो. त्यामुळे दिव्यावर फार विश्वास ठेवायचा नाही, हे माझ्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. ते मी विसरलो, म्हणून हे सगळं झालं.

२

मला अद्भुतकथा लिहायच्या होत्या. उडती शहरं, बोलणारे दरवाजे, असलं. सुरुवात मुलीपासून झाली. आमच्या मुलीला आम्ही पिपाणी म्हणतो, कारण जन्मली तेव्हापासून तिचा आवाज चार घरं ऐकू जातो. रविवारी दुपारी ती माझ्या पोटावर डोकं ठेवून म्हणायची, “सांग.”

गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं हं, हं म्हणत राहायचं. हं आलं की पुढचं सुचतं, बंद झालं की समजायचं पोर झोपलं. माझी आई तर म्हणायची, “हं नाही तर गोष्ट नाही.” पण आमची पिपाणी कसली सरळ हं म्हणतेय! माझा राजा डोंगर उचलायला लागला की ही उठून बसणार आणि कमरेवर हात ठेवून म्हणणार, “काहीही हं, बाबा!” एका दमात, ‘हं’वर जोर देऊन. मग मी डोंगर अजून मोठा करायचो. मजा यायची.

तीच गोष्ट कागदावर उतरवून मी एका प्रकाशकांकडे नेली. मुक्या शहराची गोष्ट. त्या शहरात कुणीच बोलत नाही आणि वेशीवर एक दरवान बसलेला असतो. प्रकाशकांनी चार पानं वाचली, चष्मा काढला, पुसला.

“भाषा बरी आहे,” ते म्हणाले. “पण हे तुम्ही सांगताय कुणाला? वाचताना वाटतं, भिंतीला सांगताय.”

मला असला राग आला! घरी आलो तर बायको म्हणाली, “मग खरंच भिंतीला सांगून बघ. निदान मधेमधे बोलणार तरी नाही.”

बायको टोमणा मारायला बोलली, पण ते माझ्या डोक्यात बसलं. जेवणाच्या सुट्टीत दवाखाना ओस पडतो. काउंटरवरच्या ताई डबा खाऊन टेबलावर डोकं टेकतात. मी यंत्रापुढे बसलो, माझ्याकडचा माईक चालू केला, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीला गोष्ट सांगायला लागलो.

३

सुरुवातीला स्वतःचंच हसू येत होतं. मग सवय झाली. “वेशीवरच्या दरवानाचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं,” असं एक वाक्य म्हणून मी श्वास घ्यायला थांबलो आणि यंत्रावरचा दिवा लागला.

आत खुर्ची रिकामी. बटण हुकाला टांगलेलं.

वायर सैल झाली असणार. मी आत जाऊन ती हलवून बघितली, बटण दोनदा दाबलं, सगळं ठीक. परत बसलो. सैनिकांच्या फौजेचं वर्णन केलं, चांगलं लांबलचक. दिवा नाही. परत दरवानाकडे आलो. “तो दिवसभर नुसता कान देऊन बसायचा.” दिवा लागला. वाक्याच्या मधे नाही, शेवटी. जिथं हं यायला हवं, बरोब्बर तिथं.

यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं सगळं उघडून पाहिलं. “वायर ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत निघून गेला.

आता खरं सांगतो, मी घाबरायला हवं होतं. मी खूश झालो. दिवा कुठल्या वाक्याला लागतो आणि कुठल्याला नाही, हे बघत बघत मी गोष्ट दुरुस्त करायला लागलो. फौज उडवली. राजा उडवला. दिवा खोटा असेल, वायर खोटी असेल, पण निवड खरी होती. दिवा लागलेली वाक्यं सलग लिहून काढली की अंगावर काटा यायचा. तीच पानं प्रकाशकांकडे नेली तर त्यांनी या वेळी चष्मा काढलाच नाही.

“हे कुणीतरी ऐकतंय,” ते म्हणाले. “आता थांबू नका.”

मी थांबणार होतो थोडाच! गोष्ट सांगणाऱ्याला हं म्हणणारं मिळालं होतं.

४

राजा गेल्यावर गोष्टीला नायक उरला नाही. मुक्या शहरात शिरणार कोण? मी एकेक जण उभा करून बघितला. व्यापारी. दिवा नाही. म्हातारी. नाही. चोर. नाही. शेवटी मी वैतागून म्हणालो, “मग काय लहान मुलगी पाठवू?”

दिवा लागला, आणि लागून राहिला.

मुलगी म्हटल्यावर मला दुसरी कोण माहीत? मी तिला पिपाणीचे दोन पुढचे मोठे दात दिले, मांड्यांखाली हात दाबून बसायची सवय दिली, चार घरं ऐकू जाणारा आवाज दिला. प्रत्येक गोष्टीला दिवा. दरवानाला आवाज हवा होता, मुलीकडे तो होता. दरवान तिला एक गोष्ट सांगतो, तिनं हं म्हटलं की वेशीचं दार थोडं उघडतं. ही कल्पना सुचली तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलो.

घरी रविवारी पिपाणी पोटावर डोकं ठेवून म्हणाली, “सांग.”

“आज नको गं. पुस्तकात आहे ना, छापून आलं की वाच.”

“मला आत्ता हवंय!”

“आत्ता सांगितलं तर शिळं होतं,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. दवाखान्यात सांगायची गोष्ट तिच्यावर खर्च करायची नव्हती. ती फुरंगटून आईकडे गेली.

पुढच्याच आठवड्यात तिची शाळा लवकर सुटली आणि बायको बाहेरगावी होती. मी तिला दवाखान्यात आणलं. बाहेर पेशंटांची गर्दी, पोरांची रडारड. तिला अभ्यास करायचा होता. त्या दिवशी तपासण्या नव्हत्या, म्हणून मी तिला आतल्या खोलीत बसवलं. दार ओढून घेतलं. काचेतून हात केला, तिनंही केला.

संध्याकाळी घरी जाताना ती एकदम गप्प होती. मी विचारलं, “कंटाळलीस?”

“नाही,” ती म्हणाली. “तिथं गोष्ट होती.”

मला वाटलं, धड्यातली.

५

जेवताना घरात सगळे गप्प असतील ना, तर मधेच पिपाणी म्हणायची, “हं.”

कुणी बोललेलं नसायचं. वरणाच्या भांड्याकडे बघत, मान किंचित हलवून, “हं.” मग थोडा वेळ थांबून परत, “हं.” आणि हाक मारली तर ओ नाही. बायकोनं कानाशी टाळी वाजवली तरी ढिम्म.

“हिला ऐकू कमी येतंय का रे?” बायको म्हणाली. “बाईंनी शाळेतून पण सांगितलंय. जगाचे कान तपासतोस, घरच्या पोरीकडे लक्ष आहे का तुझं?”

मी म्हणालो, सर्दी असेल. कानात मळ असेल. लक्ष नसेल, मुलं अशीच असतात. मला माझीच वाक्यं ऐकू येत होती आणि पटत नव्हती. मी तिच्या शेजारी बसून मुद्दाम एक फालतू थाप मारली, की आज दवाखान्यात एक हत्ती आला होता, त्याच्या कानात मी शिरलो आणि वाट चुकलो. मी वाट बघत बसलो. कमरेवर हात नाही, काहीही नाही. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “हं.”

ते मला नव्हतं.

त्या दिवसांत मी गोष्टीच्या शेवटाशी आलो होतो. मुलगी दारापर्यंत पोचली होती. आदल्याच दुपारी मी खुर्चीला सांगितलं होतं: तिला ओढून न्यायला जो कुणी आत येईल, त्याला ती ओळखणार नाही. या वाक्याला दिवा इतका वेळ लागून राहिला की मला यंत्र बंद करावं लागलं.

६

मी पिपाणीला दुपारी दवाखान्यात नेलं. दुसरं यंत्र दुसऱ्या गावात, आणि मनात म्हटलं, वायरीला घाबरायला आपण काय लहान आहोत? हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला, बटण तिच्या हातात दिलं, बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं. तिनं मान हलवली. बायको माझ्यामागे खुर्चीवर बसली.

बारीक आवाज सोडला. दिवा नाही. मोठा केला. नाही. अजून मोठा. एवढा आवाज भिंतीला सोडला असता तर तिनंही बटण दाबलं असतं. पिपाणी हलली नाही.

“देवा,” बायको म्हणाली. “काहीच ऐकू येत नाही का तिला?”

मी आवाज बंद केले. हात यंत्रावरून उचलला. सगळीकडे शांतता, आणि दिवा लागला.

विझला. थोड्या वेळानं परत लागला.

पेशंट शब्द नीट उच्चारतो का हे कळावं म्हणून आत एक माईक असतो. मी माझा हेडफोन कानाला लावला. आधी नुसतं अस्तराचं ते दाबलेलं मौन. मग पिपाणीचा आवाज, अगदी जवळून: “हं.” दिवा लागला, विझला. “हं.” परत दिवा. मग ती म्हणाली, “मग ती दारापाशी आली?”

दिवा.

“आणि कुणी न्यायला आलं तर तिला ओळखू नाही येणार?”

दिवा.

ते वाक्य मी कागदावर उतरवलेलं नव्हतं. रेकॉर्डिंग बायकोनंसुद्धा ऐकलं नव्हतं. ते मी एका रिकाम्या खुर्चीला सांगितलं होतं, आणि आता माझी गोष्ट तिथून माझ्या मुलीला सांगितली जात होती.

तेव्हा मी काचेतून नीट बघितलं. पिपाणी तिच्या सवयीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. दोन्ही हात. बटण तिच्याजवळ नव्हतं. वायर खुर्चीच्या मागे गेली होती, आणि ती लोंबत नव्हती. ताणलेली होती, जमिनीपासून वर, कुणी बसलेल्या माणसानं हातात धरावी एवढ्या उंचीवर. तिचं टोक पिपाणीच्या केसांमागे होतं. दिवा लागायचा तेव्हा वायर किंचित हलायची.

मी उठलो, दाराच्या हँडलवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. न्यायला जो आत येईल त्याला ती ओळखणार नाही. मीच सांगितलेलं! काहीही काय, म्हणालो मी स्वतःला, तुझ्या डोक्यातलं आहे ते. पण हात हँडलवरून निघाला. माझ्या पोरीनं माझ्याकडे अनोळखी डोळ्यांनी बघितलं असतं तर मी तिथंच मेलो असतो.

“उघड ना दार!” बायको ओरडली. “काय बघतोयस?”

मी तिला बाजूला सारलं आणि माझा माईक चालू केला.

७

“एक होता उंट,” मी म्हणालो. “तो एकदा इतक्या जोरात शिंकला, की त्याचं कुबड उडालं आणि तुझ्या मामाच्या टकलावर जाऊन बसलं.”

आतून: “हं.” मला नव्हे. दिवा लागला.

“मामाला वाटलं, केस आले! तो कुबडाला तेल लावायला लागला. भांग पाडायला लागला. न्हाव्याकडे गेला तर न्हावी म्हणाला, हे कापायला मला शिडी लागेल.”

दिवा. “हं.” पण या वेळी दोन हुंकारांमधलं अंतर वाढलं. मी बायकोकडे बघितलं. ती रडत होती, तरी पुढे वाकून माझ्या माईकमध्ये म्हणाली, “आणि मामी त्या कुबडावर पापड वाळत घालायला लागली!”

मी वेड्यासारखा बोलत सुटलो. पापड खायला कावळे आले, कावळ्यांनी मामाला उचललं, मामा वरून शाळेवर पडला आणि मुख्याध्यापक झाला, आणि त्यानं पहिला हुकूम काढला, की गणित बंद. जितकं खोटं सुचेल तितकं. मला कळलं होतं, की काचेपलीकडे जे होतं ते हं म्हणतं, नाहीतर गप्प राहतं. खोटं ते कशालाच म्हणत नाही. आमच्या पोरीला काहीच पटत नाही. तेवढाच एक फरक होता माझ्याजवळ.

पिपाणीच्या कपाळावर आठी पडली. तिनं एक हात मांडीखालून काढला.

“आणि गणिताच्या बाई आनंदानं नाचल्या!” मी ओरडलो.

तिनं हेडफोन ओढून काढला, काचेकडे वळली, थेट माझ्याकडे बघितलं, आणि कमरेवर हात ठेवले.

“काहीही हं, बाबा!”

चार घरं ऐकू जाईल असा आवाज. दिवा लागला नाही. खुर्चीमागे काहीतरी जमिनीवर पडल्याचा बारीक आवाज माईकमधून आला. दार मी उघडलं की बायकोनं, आठवत नाही. पिपाणी आमच्या दोघांच्या अंगावर आली आणि बटण खुर्चीमागे पडलेलं होतं. त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

८

नंतरच्या तपासणीत तिचे कान उत्तम निघाले. ही तपासणी दुसऱ्या गावच्या यंत्रावर केली. डॉक्टरबाईंना मी काहीबाही सांगून ती आतली खोली बदलून घेतली. जुनी कुठं गेली ते मी विचारलं नाही.

पुस्तकाचा शेवट मी बदलला. मुलगी दरवानाला म्हणते, काहीही! आणि घरी परत येते. प्रकाशक नाखूश होते. “बाकी सगळं जिवंत आहे, शेवट तेवढा पटत नाही,” म्हणाले. वाचकही तेच म्हणतात. म्हणोत बापडे. पटला नाही यातच माझा आनंद आहे.

दुसरं पुस्तक मात्र होत नाहीये. टेबलाशी बसतो, वाक्य लिहितो, थांबतो. समोरून काही येत नाही. कधीकधी तो दिवा आठवतो आणि अक्षरशः हात शिवशिवतात. स्वतःची शरम वाटते, पण आहे ते आहे. मग मी वही मिटतो आणि पिपाणीला हाक मारतो. आता तिला रोज गोष्ट सांगायची हा घरातला नियमच आहे. बायको दारात उभी राहून ऐकते, आणि पोरगी जोवर मला खोटं पाडते तोवर आम्हा दोघांचा जीव भांड्यात.

काल दुपारचीच गोष्ट. बायको बाजारात गेली होती. पिपाणी पलंगावर, मी शेजारी, खिडकीतून ऊन थेट अंथरुणावर आलेलं. मी सांगत होतो, की एका माणसाला स्वतःची सावली घट्ट व्हायला लागली, म्हणून त्यानं ती शिंप्याकडे सैल करायला टाकली. चांगली जमली होती. बऱ्याच दिवसांनी इतकी चांगली जमली होती. मी थांबलो आणि तिच्याकडे बघितलं.

“काहीही,” पिपाणी म्हणाली आणि दुधाचा पेला तोंडाला लावला.

ती घटाघटा दूध पीत होती. तिचा गळा हलताना मला दिसत होता. आणि मग, नेहमीच्या जागी, नेहमीच्या जोरानं, कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीतून आलं:

“हं.”

पिपाणीनं पेला खाली ठेवला, ओठावरची साय पुसली, माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं असेल, मीच म्हणालो.

मी गोष्ट पुढे सांगायला लागलो. शिंपी, सावली, कात्री, जे सुचेल ते. सगळं झरझर सुचत होतं. मी थांबलो असतो तर कुणीतरी “मग?” विचारलं असतं.